शामलच्या घरची न्याहारी

पुण्याची बस पेडण्याला पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. शामल स्कूटर घेऊन आली होती. गेल्या वर्षापर्यंत ती वसतिगृहात माझ्याच खोलीत राहायची. सकाळी चहात बिस्किट बुडवून आम्ही दोघी प्रयोगशाळेत पळायचो. एक दिवस ती तिथेच कोसळली. अंगात रक्तच नाही, असं डॉक्टर म्हणाले. वडील तिला घरी घेऊन गेले आणि गोव्यातच विद्यापीठात तिचं नाव घातलं. आजारी मैत्रिणीसाठी म्हणून मी डाळिंबं आणली होती आणि समोर उभी होती गालांवर तकाकी आलेली मुलगी. मला आनंद व्हायला हवा होता. वाटला तो हेवा.

मांद्र्यातल्या तिच्या घरी पोदेर (पाववाला) नुकताच भोंपू वाजवून गेला होता. शामलच्या आईने, काकूंनी, उंडे (गोल, कडक पाव) आणि आलसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) पातळ भाजी वाढली. शामलच्या ताटाशी त्या उभ्याच राहिल्या. दुसरा उंडा संपेपर्यंत हलल्या नाहीत. माझी आई पहाटेच्या पाळीला सूतगिरणीत जायची. माझ्या ताटाशी सकाळी कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. मला सवय नाही, असं सांगून मी नुसता चहा घेतला.

केरीहून फेरीबोटीने आम्ही तेरेखोलला गेलो. किल्ल्याच्या चढणीवर शामल नव्या मैत्रिणींबद्दल बोलत पुढे चालली होती. त्या सगळ्या घरचे डबे उघडून एकत्र खातात म्हणे. मला धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी एका दगडावर टेकले. खाली नदी समुद्राला मिळत होती, पण बघायचं त्राण नव्हतं. ती परत आली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

“अजून चहा-बिस्किटच?”

मी बाटली तोंडाला लावली. पूर्वी जिने चढताना मीच तिचा हात धरायची.

दुसऱ्या सकाळीही मी चहाच मागितला. काकूंनी कप दिला नाही, ताट ठेवलं. शामलने चढणीवरचं सांगितलं असणार.

“माझ्या चेडवाक (मुलीला) तू दवाखान्यात नेलंस,” त्या म्हणाल्या. “तुका उपाशी कशी धाडू?”

त्या दिवशी रिक्षात शामलचं डोकं माझ्या मांडीवर होतं, एवढंच मला आठवत होतं. ते कुणाच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं. मी मान खाली घालून खाल्लं आणि आणखी एक उंडा मागून घेतला.

आता पुण्यात मी रात्री मूग भिजत घालते आणि सकाळी खोलीतल्या नव्या मुलीला उठवून अर्धे तिला देते. ती कुरकुरते, पण खाते. शामलचा हेवा अजून वाटतो. फक्त आता तो भरल्या पोटी वाटतो.