पहिलं मशीन कोणाचं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही हबीबला ओळखत नाही, म्हणून असेल.

हबीबचं रिठदच्या स्टँडवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल आणि वर पत्रा. मी इथल्या शाळेत मास्तर. आमच्या घराण्यातला पहिला पगारदार. आम्हा दोघांना एकच वेड — रेकॉर्डवरचं गाणं. रविवारी दुपारी तो माझ्याकडे येतो, चहात बिस्किट बुडवतो आणि डोळे मिटून ऐकतो. त्याच्याइतकं ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

पाचेक वर्षांपूर्वी मी मुंबईहून एक विलायती अँप्लिफायर आणवला. बायकोला शिवणयंत्र घ्यायचं ठरलं होतं. त्याऐवजी हे आलं. गल्लीत हसं झालं. शेजारच्या सखूमावशी दारातूनच म्हणाल्या, "काहून हो गुरुजी, एवढ्यात म्हैस आली असती! हे काय दूध देते का?"

त्याच महिन्यात हबीबनंही तसंच एक मशीन बनवलं. तुपाच्या डब्याचा पत्रा, भंगारातल्या रेडिओचे व्हॉल्व्ह, आणि ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः तार गुंडाळून केलेला. तो मला म्हणाला, "मास्तर, तुझ्यासमोर लावून पाहू. माही अर्धी जरी वाजली, तर अशाच बनवून विकतो. रेडिओचे सेल बदलून बदलून जीव इटला."

त्याला माझं मत नको होतं, परीक्षा हवी होती. म्हणून दारात सतरंजी टांगली. तबकडी एक, स्पीकरचा खोका एक, फक्त मशीन बदलायचं. बदलणार मी — कारण गुरुजी खोटं बोलणार नाहीत! बाहेर हबीब, सखूमावशी, माझी बायको.

पहिलं लावलं. मग दुसरं. गाणं तेच, बाईचा आवाज आणि एक पेटी.

बाहेरून मावशी म्हणाल्या, "पयल्यात बाई जवळ येऊन गाऊन राह्यली. दुसऱ्यात दूर वट्ट्यावर बसली वाटते." बायकोही पहिलंच म्हणाली. हबीब म्हणाला, "पयलीच. सवालच नाही."

मलाही तसंच ऐकू आलं होतं. सतरंजीच्या आत, दोन्ही मशीनांच्या मधे बसून, मला ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"बोल मास्तर, पयली कोनाची?"

मी सतरंजी बाजूला केली. बायको माझ्याकडे पाहत होती — नाही, तिचं कारण पुढे करणार नाही. पाहत होता हबीबही. आणि मी म्हणालो, "माझी."

एक शब्द. तेवढाच.

तो रागावला असता तर? तो हसला. माझ्या पाठीत थाप मारली. "पैसा बोलते, मास्तर! मी आपला डबे ठोकणारा." मावशींनी म्हशीची थट्टा मागे घेतली. बायको आत जाऊन साखर जास्त घालून चहा घेऊन आली. तो चहा मी प्यालो, कसा प्यालो ते विचारू नका.

हबीबनं पुन्हा मशीन बनवलं नाही. किन्हीराजा गावचा एक जण लग्नाच्या मंडपासाठी मागायला आला, तर हबीबनंच त्याला परत पाठवलं. "बाहेरचीच घे बाबा. मी दोन्ही ऐकल्या." तो परत सेल बदलू लागला.

दोन वर्षांनी विजेच्या चढउतारात माझ्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर जळला. अकोल्याला मिळेना. हबीब म्हणाला, थांब. घरी गेला, आपलं मशीन उकललं आणि स्वतःच्या हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर माझ्या मशीनमध्ये बसवून दिला. मी नको नको म्हणत होतो. तेव्हा तरी बोलता आलं नसतं का? तोंड उघडंच होतं. तो स्क्रू आवळत म्हणाला, "राहू दे. पोरगी चांगल्या घरी पडली."

त्याच्या मशीनच्या रिकाम्या डब्यात आता दुकानातले खिळे असतात.

कालही रविवार होता. तो आला, बिस्किट बुडवलं, डोळे मिटले. गाणं संपल्यावर डोळे उघडले. मग म्हणाला, "काही म्हण मास्तर, बाहेरचा माल तो बाहेरचा माल."

मी मान हलवली. तबकडी उलटी केली.

पहिलं मशीन हबीबचं होतं.