नऊ महिन्यांपुरता बंद

फोन आला तेव्हा मी सडक अर्जुनीला चष्म्याच्या दुकानात होतो. दुकानदार भिंतीवरच्या अक्षरांच्या ओळी वाचायला सांगत होता. मुलगा म्हणाला, "बाबा, धनराजकाका गेले. दुकानात बसल्या बसल्याच." बरं म्हणून मी फोन ठेवला आणि खरं सांगतो, उरलेली ओळ वाचून पूर्ण केली. नंबर थोडा वाढला होता. आमच्या केशोरीला परतताना बसमध्ये मात्र वाटेतलं नवरगाव कधी गेलं, काही कळलं नाही... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

धनराजभाऊ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. पूर्वजांनी तलाव बांधलेल्या घराण्यातले, चार एकर धान आणि चौकात मोटर वाइंडिंगचं दुकान. पण गावाला ते माहीत होते ते रेडिओमुळे. हौशी रेडिओची सरकारी परीक्षा देऊन त्यांनी लायसन काढलं होतं. घरामागच्या दोन सिंदीच्या झाडांना लांबलचक तार ताणलेली असे. रोज सकाळी साडेसहाला माइक हातात घेऊन ते कुठल्या कुठल्या शहरांतल्या अनोळखी माणसांशी हिंदीत बोलत. त्यांची बायको, आमच्या शेवंतावहिनी, एकदा वैतागून म्हणाल्या, "इतक्या दुरून तो माणूस बोलते तरी काय?"

"म्हन्ते, तुमचा आवाज साफ येऊन राहिला."

"मंग तुमी काय सांगता?"

"मी बी तेच सांगतो."

वहिनींनी कपाळावर हात मारला. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

गावात त्या तारेबद्दल काय काय बोललं जाई! तारेतून लहरी सुटतात म्हणून धानाची लोंब पोचट राहते, मधमाश्या पोळं सोडून जातात, गाभण गाय वेळेआधी विते. पानठेल्यावर कोणी विचारलं की भाऊ म्हणत, "अबे, ऊन बी लहरच हाय. मंग उन्हात बसू नोको!" मी शाळेत विज्ञान शिकवायचो. दहावीच्या पोरांना फळ्यावर विद्युतचुंबकीय लहरींची आकृती काढून दाखवायचो. त्यामुळे अशा वेळी लोक माझ्याकडे पाहत आणि मी भाऊंच्या बाजूने मान डोलवायचो.

मग आमच्या सुनेला दिवस गेले. आधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. सून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आणि त्याच भिंतीपलीकडे भाऊंचा रेडिओचा सेट होता. घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, पण बोलत कोणी नव्हतं. शेवटी माझी बायको म्हणाली, "तुमचं विज्ञान राहू द्या बाजूला. एकदा जाऊन सांगा त्यांना." मला सगळं ठाऊक होतं. तरी मी गेलो.

सकाळची वेळ होती, भाऊ नुकतेच बोलून उठले होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "भाऊ, नऊ महिने तेवढं बंद ठेवाल का?"

"गुरुजी, तुमीच तं पोरायले शिकवलं..." मग भाऊंनी माइकची पिन काढली, वायर गुंडाळली. "ठीक हाय. बंद." मी आभारसुद्धा मानले नाहीत. सुटल्यासारखा घरी आलो.

मुलगी झाली, तीन किलोची, ठणठणीत. मी स्वतः पेढे घेऊन गेलो. भाऊंनी दोन खाल्ले, वजन विचारलं, नाव काय ठेवणार म्हणून चौकशी केली. सेटचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. सुरू करा म्हणायचं तर बंद करायला सांगितलं ते चूक होतं, हे कबूल करावं लागलं असतं. ते माझ्या जिभेवर येईना. मनाला सांगत राहिलो, जरा रांगू दे, दात येऊ दे. पोरगी आता अंगणवाडीत जाते. सिंदीवरची तार तशीच होती, रोज दिसायची. मी दुसरीकडे बघायचो.

तेरवीनंतर वहिनींनी बोलावलं. कपाटातले इंग्रजी कागद वाचून द्यायचे होते. त्यातच भाऊंची नोंदवही निघाली. कोणाशी कधी बोललो आणि आवाज कसा आला, याची त्यात रोजची नोंद. मी बंद करायला सांगितलं त्या सकाळी शेवटचं नाव, खाली शेरा : "नऊ महिने बंद." मला वाटलं, वही इथंच संपली. पान उलटलं तर रेघा आखलेल्या आणि वर एकच ओळ, त्यांच्या तिरप्या अक्षरात. वेळ : सकाळी सहा चाळीस. स्टेशन : गुरुजींची नात, भिंतीपलीकडून. रिपोर्ट : पाच-नऊ.

पाच-नऊ म्हणजे यापेक्षा स्पष्ट ऐकू येऊच शकत नाही. मला भाऊंनीच कधीतरी सांगितलं होतं. त्या ओळीखालचं सगळं पान कोरं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, मग भाऊंनी पुन्हा सुरू का नाही केलं हो?"

शेवंतावहिनींनी माझ्या हातातून वही घेतली, पदरानं पुसली.

"मी बी म्हटलं ना त्यायले, काऊन सुरू नाही करत? तं म्हनत, बंद कराले गुरुजी आले होते, सुरू कराले बी गुरुजीच येतीन. पेढे घेऊन तुमी आले तवा सेटवरचा कपडा काढून बसले होते."