वन्संचं विचारणं

परवानगी न घेता माझ्या नणंदेनं आयुष्यात एकच गोष्ट केली असेल, ती म्हणजे जन्माला येणं. वन्सं आमच्याकडेच राहतात आणि आकुर्डीच्या एका कॉलेजात शिकवतात. विषय असा, की अभ्यासासाठी वस्तीत जायचं तर तिथल्या माणसांचा मान कसा राखायचा. घरीही तेच. मांजराला मांडीवर घेण्याआधी विचारतात, आणि ते गुरगुरलं तर ‘नको म्हणतंय’ म्हणून माघार घेतात.

एकदा अख्खा वर्ग घेऊन काळेवाडीला गेल्या. पाण्याच्या अडचणींबद्दल बायकांशी एका आजींच्या ओट्यावर बसून बोलायचं ठरलं होतं. तरी वन्संनी दारात पुन्हा विचारलंच. आजी म्हणाल्या, “आज न्हाई जमायचं, बाई. भाकऱ्या टाकायच्यात.” “बरं, येतो,” म्हणून वन्संनी वर्ग तसाच बसमध्ये बसवला. पोरं गाणी म्हणत परतली. प्राचार्य तापले, “मॅडम, मग शिकवलंत काय?”

“नाही म्हटलं की मागे फिरायचं, हे शिकवलं, सर.”

“पुन्हा असे हात हलवत आलात तर विषय बंद!”

वन्सं घाबरल्या, पण आजींना गळ घातली नाही. पुन्हा येऊ का, एवढंच विचारलं. आजी म्हणाल्या, “आदी आमी तुमचं घर बगतो, मग सांगतो.”

रविवारी आजी दोघी शेजारणींना घेऊन आमच्या सोफ्यावर! “कमावतं कोन? सैपाक कोन करतं? भांडणं व्हत्यात का?” आमचे हे छताकडे बघायला लागले. मी मात्र “रोज!” म्हणत खुर्ची पुढे ओढली. लग्नापासून इतक्या आस्थेनं मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मग आजींनी मोबाईल काढला, “सायबांचा फोटू काढू का?” हे बनियनवर. “नको, नको!” “न्हाई तर न्हाई,” म्हणत आजींनी मोबाईल पिशवीत टाकला आणि वन्संनी चक्क टाळी वाजवली. निघताना आजी म्हणाल्या, “आना तुमची पोरं. पर भाकऱ्यांच्या येळंला नगं.” विषय वाचला.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना मी चिडवलं, “वन्सं, एका फोटोचं एवढं काय?”

“आम्ही लहान असताना कासारवाडीच्या चाळीत असेच कॉलेजचे लोक आले होते. आई नळावर होती. तिला न विचारता फोटो काढून गेले. किती दिवस धुसफुसत होती.” वन्संनी पुढचा कपडा उचलला. “तिचा तेवढा एकच फोटो निघाला, वहिनी. तोही आपल्याकडे नाही.”

मी सासूबाईंना कधी पाहिलेलं नाही. “कशा दिसायच्या हो?” मी विचारलं.

हातातली घडी तशीच राहिली. “उंच होती,” वन्सं म्हणाल्या, “आणि हसताना तोंडावर पदर घ्यायची.”