काळ्या स्क्रीनमागचं ताईचं घर

तापलेल्या धुळीचा वास आला म्हटलं की तुम्हाला वाटेल, आता हा गावची उन्हाळ्याची सुट्टी सांगणार. नाही हो, हा वास दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा. विंडोजऐवजी लिनक्सवर चालायचा तो. ताई आर्किटेक्चरला होती, दुपारी दोनला तिला कॉलेजात एका घराचं डिझाइन दाखवायचं होतं, आणि ते याच कॉम्प्युटरवर होतं, अजून पेनड्राइव्हवरही घेतलं नव्हतं. स्क्रीनवर ते घर अडकत अडकत फिरायचं. ती अंघोळीला गेली तेव्हा मला वाटलं, ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा खरा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र चालवणारा प्रोग्रॅम, टाकून तिला सरप्राइज देऊ. शहाणपणा असा, की नवा डाउनलोड करण्याआधीच जुना काढून टाकला आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस. नोएडाच्या मित्राला फोन लावला, तर तो म्हणे, "भाई, पुराना उड़ाया ही क्यों?" मी बटणं दाबत राहिलो, ताई ओल्या केसांनी मागे उभी राहून घड्याळ बघत राहिली. दीड वाजला, तशी ती डिझाइन न घेताच निघून गेली. संध्याकाळी बाबा तासभर ओरडले, "गाढवा, हात शिवशिवतात का तुझे?" त्यांची नक्कल मी आजही झकास करतो, सगळे हसतात. ताईची मात्र जमत नाही. ती रिकाम्या हाताने परत आली, चपला काढल्या आणि हळूच म्हणाली, "तुला मी सांगितलं होतं का रे?"