शेडमधली चिमी

मंडळी, आज मला कुणीतरी शिव्या घाला.

वॉटफर्डला आम्ही ज्याच्या घरात भाड्यानं राहतो, त्या कॉलिननं साप पाळलाय. सापाला खायला म्हणून तो मागच्या शेडमध्ये पांढरे उंदीर वाढवतो. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी रोज उरलेली पोळी तूप लावून त्यांना न्यायचे. त्यातल्या एका तपकिरी कानवालीला मी चिमी म्हणायचे. हाक मारली की तळहातावर येऊन बसायची.

आज मटार काढायला फ्रीझर उघडला. माझ्या खोवलेल्या नारळाशेजारी एक पारदर्शक पिशवी होती. आत तपकिरी कान दिसला.

मी कॉलिनवर ओरडलेच. तो बिचारा गोंधळला.

“मी तर तुला थँक्यू म्हणणार होतो. माझे उंदीर इतके गुबगुबीत कधीच झाले नव्हते. काय घालतेस त्यांना?”

नवरा म्हणतो, त्यानं काही लपवलं होतं का? नव्हतं ना! तेच तर झोंबतंय.

आत्ता ओट्यावर दोन पोळ्या उरल्यात. शेडमध्ये अजून पिल्लं आहेत, मला बघून जाळीशी धावतील.

सांगा, तूप लावू का?