भरल्या टाकीचं वजन

ट्रकवाले त्यांना काटेमामा म्हणत. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर, काचेच्या एवढ्याशा केबिनमध्ये बसून त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या तोलल्या. ड्रायव्हरने कितीही शपथा घेतल्या तरी मामांचं एकच, "चढव काट्यावर." घरी आलेली भाजीसुद्धा ते हातावर झुलवून बघत, आणि मामी कपाळाला हात लावत. माणूस वाईट नव्हता, पण 'अंदाजे' हा शब्द त्याला सोसत नसे. जास्त माल भरल्यामुळे उतारावर उलटलेले ट्रक केबिनसमोरून ओढून नेताना त्यांनी पाहिले होते, त्यामुळे त्यांची भीती अगदीच हवेतली होती असंही नाही.

मामी, म्हणजे त्यांची बायको, एका लॉजच्या तळघरात चादरी धुवायला होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. वाफेने आणि साबणाच्या भुकटीने मामींची छाती हळूहळू कामातून गेली. नोकरी सुटली तेव्हा जिना चढताना मध्येच भिंत धरून उभं राहावं लागत होतं. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, कुठे न्यायचं असेल तर आत्ताच न्या.

जागा मामींच्या मनात ठरलेली होती, आणि जायचं साधनही अंगणातच उभं होतं. शेजारचा सुतार कायमचा मुलाकडे राहायला गेला, तेव्हा जाताना त्याने आपला कॅम्पर मामांच्या अंगणात सोडला होता. कॅम्पर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि पलंगाच्या उशाशी एक रुंद खिडकी. मामींनी लगेच पिवळे पडदे शिवले. दुपारचा चहासुद्धा त्या आतच घेऊ लागल्या.

"मला एकदा तळ्याकाठी उठायचंय," त्या म्हणाल्या. "डोळे उघडले की खिडकीत पाणी. बाकी काही नको."

"तळ्याकाठी लॉज आहे की. उद्या जाऊ."

"लॉजच्या चादरी मी धुतल्यात. त्यात काय काय असतं ते मला विचारा. मला माझ्या अंथरुणात झोपायचंय."

मामांनी लॉजचा विषय सोडला. प्रश्न उरला तो कॅम्पर ओढायचा कशाने. दारात त्यांची जुनी छोटी गाडी उभी होती. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, मामांचा लंगोटीयार, तिच्याभोवती फिरून म्हणाला, "हिला मागे हुक बसवतो. एका दुपारचं काम."

"आधी वजन," मामा म्हणाले.

ओळखीच्या ट्रकवाल्याला सांगून त्यांनी कॅम्पर काट्यावर नेला, पण रिकामा नाही. पाण्याची टाकी काठोकाठ भरली. गॅसच्या दोन टाक्या, तंबूचं कापड, गाद्या, भांडी सगळं ठेवलं, वर मामींचं शिलाई मशीनही चढवलं. आकडा छोट्या गाडीच्या ताकदीबाहेर गेला. मामांचं तोंड उतरलं, पण आपलंच खरं ठरल्याचं समाधानही त्यावर होतं, आणि ते मामींच्या नजरेतून सुटलं नाही.

"पाणी इथून कशाला वाहून न्यायचं?" मामी म्हणाल्या. "तिथे नळ असेलच. तिथे भरू."

"काट्यावर गाडी भरलेलीच चढते," मामा म्हणाले, आणि विषय संपला.

मग दुसरी गाडी शोधणं सुरू झालं. पहिली जीप दणकट होती, पण आखूड. मागचं घर डुलायला लागलं की पुढच्यालाही डुलवणार, असं मामा म्हणाले. नंतरच्या पिकअपची ताकद दांडगी होती, पण ती इतकी उंच की मामींचा पाय पायरीपर्यंत पोचेना. गॅरेजवाल्याने मागून रेटा देऊ का विचारलं, तेव्हा मामी खूप हसल्या आणि नंतर बराच वेळ खोकत राहिल्या. तिसरी गाडी लांबरुंद आणि ठेंगणी होती, मामींना आवडलीही, पण चढावर इंजिन तापेल अशी शंका मामांच्या मनात आली आणि ती जाईना. "ओढणं सोपं असतं गं," ते प्रत्येक वेळी समजावत, "उतारावर थांबवणं अवघड. तुला घेऊन जायचं आहे, सिमेंट नाही."

प्रेमाचं असं बोलणं त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत जमत नव्हतं. मामींना ते कळत होतं, म्हणून त्या चिडू शकत नव्हत्या, आणि दिवस मात्र हातातून जात होते.

थंडी सरता सरता मामी कॅम्परमधल्या वस्तू एकेक करून घरात आणू लागल्या. आधी शिलाई मशीन, मग भांडी, मग जाड गादी. शेवटी आत दोन कप आणि एक अंथरूण उरलं. "आता हलकं झालं असेल," त्या म्हणाल्या. मामांनी मान डोलावली, पण हिशेब भरल्या टाकीचाच धरला.

हवी तशी गाडी अखेर सापडली. बांधा लांब, पायरी खाली, ब्रेक चोख. मामा ती घेऊन चढावर गेले, उतारावर थांबवून पाहिली आणि पहिल्यांदाच खूश होऊन घरी आले. दार उघडं होतं. शेजारणीने सांगितलं, मामींना दवाखान्यात नेलंय. तिथे पलंगाला लागून भिंत होती. मामी तिथून परत आल्या नाहीत.

गाडी मामांनी घेतली नाही. कॅम्परकडे बघवेना, म्हणून तो विकायला काढला. एक टपालवाला आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला आणि मामा त्याच्या गाडीकडे बघतच राहिले. त्यांच्या दारात उभी होती तसलीच ती छोटी गाडी, फक्त मागे हुक होता.

"हिला झेपणार नाही," मामा म्हणाले.

"झेपतं की मामा. भाड्याचा असलाच घेऊन दरवर्षी तळ्यावर जातो."

"आणि पाणी?"

"पाणी कोण वाहून नेतं? तिथे नळ आहे."

मामांनी तरीही कॅम्पर काट्यावर चढवायला लावला. टपालवाल्याचं सामान, आईच्या उश्या, सगळ्यासकट, टाकी मात्र रिकामी. आकडा आला आणि ते त्या आकड्याकडे पाहत उभे राहिले. गाडीला तो सहज झेपणारा होता. गेल्या वर्षीही झेपला असता.

"पडदे काढून देऊ का?" म्हातारीने कॅम्परच्या खिडकीतून विचारलं. "घरच्या कुणी शिवलेले दिसतात."

"राहू द्या. सकाळी उठल्यावर बाजूला सारा."

ते गेल्यावर मामा आपली गाडी घेऊन गॅरेजात गेले. "हुक बसव," म्हणाले. गॅरेजवाल्याने आता कशाला म्हणून विचारण्यासाठी तोंड उघडलं, पण मामांचा चेहरा पाहून तो गाडीखाली शिरला. काम खरंच एका दुपारचं होतं.

मामा अजून त्याच गाडीने काट्यावर जातात. मागच्या हुकावर धूळ बसते, ती ते रोज फडक्याने पुसतात. नवा एखादा ट्रकवाला कधी विचारतो, "मामा, काय ओढता हिच्यामागे?"

"काही नाही," मामा म्हणतात. "चढव काट्यावर."