निकेलेटचं गणित

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात फिजिक्सचे एक सर होते. सकाळी आले की आधी कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "अजून बसत नाही हो."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, एकाच प्रश्नाशी संसार मांडलेली. सरांचा प्रश्न निकेलेटचा. हा पदार्थ गरम असताना वीज वाहू देतो, गार केला की अडवतो. ते का, हे त्यांना कॉम्प्युटरवर मांडून दाखवायचं होतं. मी शेजारी केमिस्ट्री शिकवणारा, म्हणून मला झेपेल असं त्यांनी सांगितलं, "आमच्या स्वयंपाकघरात दोघं धड मावत नाहीत. ही वळली की मी आपसूक सरकतो, सांगावं लागत नाही. इलेक्ट्रॉनही तसेच, एकमेकांची चाहूल घेऊन असतात. एकेकट्याचा हिशेब मांडलात की चुकलात."

पद्धत अशी, की निघालेलं उत्तर पुन्हा आत घालायचं. घातलेलं आणि निघालेलं सारखं आलं, की गणित बसलं. पण उत्तर जवळ आलं की नेमकं भारनियमन आडवं यायचं. आम्ही चिडवायचो, "सर, वीज अडवायला निकेलेट कशाला? रत्नागिरी आहे की!" सर हसायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे.

घरी सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रोज दारातच विचारायच्या, "बसलं का?" त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विचारण्यात कधी खंड नाही. त्यांना एकदा 'बसलं' म्हणून सांगायचं, एवढीच सरांची महत्त्वाकांक्षा. बढतीबिढतीची नव्हतीच.

मग वहिनी आजारी पडल्या. दुखणं असं, की डॉक्टर नजर चुकवू लागले. एका दुपारी मी पेज घेऊन गेलो होतो, तेवढ्यात सर कॉलेजातून आले, उशाशी बसले आणि म्हणाले, "अगो, बसलं."

दशांश चिन्हापुढचा आकडाही न सोडणारा हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता.

वहिनींनी डोळे उघडले. "बसलं असतं, तर तुम्ही इथे कशाला आला असतात? तिथेच पुन्हा पुन्हा तपासत बसला असतात." आणि हसल्या. मला तिथे उभं राहवेना. मी अंगणात आलो.

आंब्याच्या दिवसांत त्या गेल्या.

पुढल्या वर्षी गणित खरोखरच बसलं, भर दुपारी, वीज असताना. आम्ही पेढे आणले. सरांनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले, हातात दिलेला पेढा न खाताच छत्री उचलली आणि लगबगीने निघाले. एवढ्या घाईने घरी जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

कॉलेजच्या फाटकापाशी मात्र थबकले. मी मागोमाग पोचलो.

"मी विसरलोच होतो हो," ते म्हणाले आणि तो पेढा माझ्या हातावर ठेवला.